हरवलं तर काय, बदललं तर काय? वेब ॲपमध्ये वापरकर्त्याची स्टेट कुठे ठेवायची

मामाच्या बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकांना विकायची साइट मी लिहिली, त्या वर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी मामाचा फोन आला. "अरे, तुझ्या साइटला भूतबाधा झालीय काय? ठाण्याच्या वहिनी म्हणतायत, दोन पेट्या टाकल्या, पान परत उघडलं तर कार्ट रिकामं. पुन्हा उघडलं तर दोन्ही पेट्या हजर!"

भूत मीच बसवलं होतं. पाडव्याला गर्दी होईल म्हणून आदल्या रात्री सर्व्हरवर ॲपच्या एकाऐवजी दोन प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या दोन चालत्या प्रती, चालू केल्या होत्या, आणि कार्ट ठेवलं होतं प्रोसेसच्या मेमरीत. रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, पहिल्या प्रोसेसकडे गेली की पेट्या दिसायच्या, दुसरीकडे गेली की गायब. कोड तपासला तर एकही ओळ चुकलेली नव्हती. सामान ठेवायची जागा तेवढी चुकली होती.

एखादा ट्यूटोरियल बघून लॉगिनचं पान उभं केलंय, आणि आता कुकी, सेशन, लोकल स्टोरेज, टोकन या शब्दांच्या गर्दीत अडकलाय, अशांसाठी हा लेख आहे. वापरकर्ता कोण आहे, त्यानं काय निवडलंय, तो कुठपर्यंत आलाय, या सगळ्याला आपल्या धंद्यात 'स्टेट' म्हणतात. ती कुठे ठेवायची, हे त्याच आंब्याच्या दुकानावर टप्प्याटप्प्यानं बघू.

मुळात हा प्रश्न पडतो तो एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या, स्वभावामुळे. प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरसाठी नवी. मागच्या मिनिटाला तुम्हीच येऊन गेलात हे त्याच्या गावीही नसतं. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला. कुकी म्हणजे सर्व्हरनं ब्राउझरकडे सांभाळायला दिलेली छोटी चिठ्ठी. गंमत म्हणजे निमित्त आपल्यासारखंच होतं. एमसीआय ही दूरसंचार कंपनी ऑनलाइन खरेदीची व्यवस्था उभारत होती आणि गिऱ्हाइकाचा अर्धवट राहिलेला व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळायची तिची तयारी नव्हती. मग तो गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरकडे सोपवायचं ठरलं. युनिक्सच्या जगात 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता, तोच इथे आला. म्हणजे कार्ट कुठे ठेवायचं यावरची डोकेफोड जवळजवळ वेबइतकीच जुनी आहे.

पायरी १: आधी कागद घ्या

एडिटर उघडू नका. कागदावर तुमच्या ॲपमधली सगळी स्टेट लिहून काढा, क्षुल्लक वाटली तरी. माझी यादी अशी होती: मोबाइलवरचा मेनू उघडा आहे की मिटलेला, कोणता आंबा आणि कितीपर्यंतचा, हे फिल्टर, मराठी की इंग्रजी, अर्धवट भरलेला पत्ता, कोण लॉगिन आहे, कार्टमध्ये काय आहे, पेटीचा भाव, पक्की झालेली ऑर्डर आणि पैसे आले की नाही.

आता प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे हरवलं तर काय? आणि हे कोणी मुद्दाम बदललं तर काय?

मेनू मिटला तर कोणी रडत नाही. अर्धा पत्ता हरवला तर गिऱ्हाईक वैतागतं, कदाचित परत येत नाही. ऑर्डर हरवली तर मामा घरी येतो. बदलण्याचं म्हणाल तर फिल्टर कोणी बदलला काय, नाही काय, आपलं काहीच जात नाही. भाव बदलला तर बाग बुडते. 'मी कोण' हे बदललं तर दुसऱ्याच्या नावावर आंबे जातात.

दुसऱ्या प्रश्नाचं गांभीर्य नवख्यांना पटत नाही, म्हणून एक प्रयोग करा. स्वतःच्याच साइटवर क्रोममध्ये एफ-१२ दाबा आणि 'ॲप्लिकेशन' टॅब उघडा (फायरफॉक्समध्ये त्याला 'स्टोरेज' म्हणतात). कुकीज, लोकल स्टोरेज, सेशन स्टोरेज सगळं तिथे मांडून ठेवलेलं दिसेल. एखाद्या नोंदीवर डबल क्लिक करा आणि आकडा बदला. झाला बदल. फॉर्ममध्ये लपवलेला भावही 'एलिमेंट्स' टॅबमध्ये असाच बदलता येतो. माझ्या पहिल्या मसुद्यात पेटीचा भाव अशाच एका लपवलेल्या खान्यातून सर्व्हरकडे यायचा. मित्रानं मला पाच डझनांची पेटी १२ रुपयांना घेऊन दाखवली.

तेव्हा ब्राउझरमध्ये ठेवलेली प्रत्येक गोष्ट ही गिऱ्हाइकाची इच्छा समजायची. ती खरी धरायची की नाही हे सर्व्हरनं ठरवायचं.

पायरी २: जे लिंकमध्ये बसतं ते लिंकमध्ये टाका

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे पत्त्याची पट्टी. फिल्टर, क्रमवारी, पान क्रमांक, शोधशब्द हे सगळं यूआरएलमध्ये जावं. कसोटी सोपी आहे. ही लिंक कुणी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर समोरच्याला तेच दिसायला हवं का? हवं असेल तर ती गोष्ट यूआरएलची. 'ही बघ पायरीची पेटी' म्हणून आत्याला लिंक पाठवली आणि तिकडे सगळेच आंबे उघडले, तर फिल्टर तुम्ही चुकीच्या जागी ठेवलाय. रिॲक्ट ही पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी नव्यानं शिकणारे हमखास हीच चूक करतात. फिल्टर कंपोनंटच्या (पानाच्या एका तुकड्याच्या) स्टेटमध्ये ठेवतात, आणि पान रिफ्रेश झालं किंवा बॅक बटण दाबलं की निवड उडून जाते.

कंपोनंटची मेमरी वाईट नाही. मेनू उघडा की मिटलेला, हे तिथेच शोभतं.

लिंकमध्ये काय टाकायचं नाही, तेही सांगतो. फोन नंबर, ईमेल आणि लॉगिनची कसलीही खूण नको. यूआरएल ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते आणि लोक ती बेफिकीर फॉरवर्ड करतात. पूर्वी पीएचपी या भाषेत लिहिलेल्या कितीतरी साइटवर सेशनचा आयडी, म्हणजे लॉगिनची खूण, लिंकमध्येच दिसायचा, आणि अशी लिंक मित्राला पाठवणारा आपलं खातंही पाठवून मोकळा व्हायचा.

भाषेचं मात्र थोडं वेगळं आहे. मी आधी 'मराठी' ही निवड लोकल स्टोरेज या ब्राउझरमधल्या कप्प्यात ठेवली होती. लोकल स्टोरेज सर्व्हरला दिसत नाही, त्यामुळे सर्व्हर इंग्रजी पान पाठवायचा, मग जावास्क्रिप्ट जागी होऊन ते मराठी करायची. दर वेळी अर्धा सेकंद इंग्रजी लुकलुकायचं. आता मराठी आणि इंग्रजी पानांचे पत्ते वेगळे आहेत, आणि मुखपृष्ठावर आलेल्याला कुठल्या भाषेत न्यायचं एवढंच एका छोट्या कुकीत लिहिलेलं असतं. कुकी प्रत्येक रिक्वेस्टबरोबर आपोआप जाते, त्यामुळे पहिलं पानच मराठीत येतं.

पायरी ३: ब्राउझरमधले कप्पे ओळखा

कुकी लहान असते. नाव, मजकूर आणि गुणधर्म मिळून साधारण ४,०९६ बाइट, एवढंच गृहीत धरा. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी यात एक खास खाच आहे. कुकीत देवनागरी सरळ ठेवता येत नाही, एन्कोड करावी लागते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं, आणि टक्क्याच्या खुणा लावून एन्कोड केलं की त्याची ९ अक्षरं होतात. काने, मात्रे वेगळे मोजले जातात. 'देवगड हापूस' एवढं लिहायला ९३ बाइट लागले. कार्टमधल्या मालाची नावं कुकीत कोंबायला गेलात तर चाळीसेक प्रकारांतच दमछाक होईल. नावं डेटाबेसमध्ये राहू द्यावीत, कुकीत आयडी.

आणखी एक खाच, आपल्याच मशीनवर काम करताना लागणारी. लोकलहोस्टवर एक प्रोजेक्ट ३००० पोर्टवर आणि दुसरा ८००० वर चालू असेल, तर त्यांच्या कुकीज एकमेकींत मिसळतात, कारण कुकीला पोर्टचा भेद कळत नाही. लोकल स्टोरेजला कळतो. 'एका ॲपमध्ये लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर पडतो' या कोड्यावर मी एक अख्खी दुपार घालवली आहे. दोन्ही कुकींना वेगळी नावं दिली आणि कोडं सुटलं.

लोकल स्टोरेज म्हणजे त्यामानानं ऐसपैस फडताळ, साधारण ५ एमबीचं. त्यात फक्त स्ट्रिंग राहते, म्हणून ऑब्जेक्ट ठेवायचा तर जेसन, म्हणजे मजकुराचं रूप, करून ठेवावा लागतो. ब्राउझर बंद केला तरी ते टिकतं, आणि त्याच साइटचे सगळे टॅब तेच फडताळ वापरतात. मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याविना असे साइटचे दोन पत्ते असतील तर फडताळंही दोन होतात. सगळ्यांना एकाच पत्त्यावर वळवायची सोय आधी करा.

सेशन स्टोरेज हे एका टॅबपुरतं. रिफ्रेश केलं तरी राहतं, टॅब मिटला की संपतं. टॅब डुप्लिकेट केला तर त्याची नक्कल नव्या टॅबमध्ये जाते, आणि तिथून पुढे दोघांचा संसार वेगळा.

इंडेक्स्ड डीबी हा ब्राउझरमधला खराखुरा डेटाबेस. नेट नसतानाही चालणारं ॲप करायचं असेल तर तो लागतो. बागेत पेट्या मोजणाऱ्या गड्यासाठी ॲप केलं असतं तर तो वापरला असता. पहिल्या प्रोजेक्टला त्याच्या वाटेला जाऊ नका.

अर्धवट भरलेला पत्ता हे या कप्प्यांचं अगदी योग्य गिऱ्हाईक. कोकण रेल्वेत बसून कोणी फॉर्म भरतंय आणि गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, तर नेट गेलंच म्हणून समजा. पान रिफ्रेश झालं की घर क्रमांकापासून पुन्हा सुरुवात. म्हणून टाइप करणं थांबल्यावर अर्ध्या सेकंदानं मसुदा सेशन स्टोरेजमध्ये लिहायचा, पान उघडताना तो परत भरायचा, आणि ऑर्डर गेली की पुसून टाकायचा. लोकल स्टोरेजही चाललं असतं, पण आमची निम्मी गिऱ्हाइकं शेजाऱ्याच्या नाहीतर सोसायटीच्या ऑफिसातल्या कंप्युटरवरून ऑर्डर देतात. टॅब मिटल्यावरही पत्ता मागे राहणं मला नको होतं. कार्डाचा नंबर, ओटीपी, आधार क्रमांक यांना मात्र कुठल्याच कप्प्यात जागा नाही, मसुदा म्हणूनसुद्धा.

ब्राउझर हे कप्पे कायम सांभाळेल अशा भरवशावरही राहू नका. सफारीनं २०२० पासून नियम केलाय की सफारी वापरात असूनही सात दिवसांत वापरकर्ता तुमच्या साइटकडे फिरकला नाही, तर स्क्रिप्टनं लिहिलेला साठा पुसला जातो. क्रोमही २०२२ पासून ४०० दिवसांपलीकडची कुकीची मुदत मानत नाही. आंब्याचं गिऱ्हाईक वर्षाकाठी दोनदा येतं, त्याची कुठलीही महत्त्वाची गोष्ट इथे टिकायची नाही.

पायरी ४: लॉगिन, म्हणजे बिल्ला की पास

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त वाद आणि सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात.

देवळाबाहेर चपला ठेवतो तेव्हा हातात एक बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर फक्त आकडा. चपला कुणाच्या, कसल्या, हे त्यावर लिहिलेलं नसतं, ते मांडणीवर असतं. सेशन म्हणजे हेच. लॉगिन झालं की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न येणारा आयडी तयार करतो, तो कुकीत देतो, आणि 'या आयडीचा माणूस कोण' हे स्वतःकडे लिहून ठेवतो. लॉगआउट म्हणजे मांडणीवरची नोंद काढणं. नोंद गेली की बिल्ला कुणाच्याही हातात असो, त्याला काही मिळत नाही.

दुसरी पद्धत एसटीच्या मासिक पासाची. पासावरच नाव, मार्ग, मुदत आणि शिक्का. कंडक्टर डेपोला फोन लावत नाही, शिक्का बघतो आणि पुढे जातो. जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) हे टोकन असंच चालतं. २०१५ मध्ये त्याचं प्रमाणित रूप आलं. आत माहिती, शेवटी सर्व्हरची सही. सही जुळली की विश्वास. सर्व्हरला कुठे काही शोधावं लागत नाही, म्हणून एकाच लॉगिनवर पाच-सहा वेगळ्या सेवा चालवायच्या असतील तर ही पद्धत सोयीची पडते.

अडचण पास हरवल्यावर येते. पास चोरीला गेला हे त्या गाडीतल्या कंडक्टरला कसं कळणार? मुदत संपेपर्यंत चोर आरामात फिरतो. त्यावर उपाय म्हणून टोकनची मुदत पंधरा मिनिटांवर आणायची, मग ते नवं करून द्यायला दुसरं टोकन द्यायचं, मग रद्द झालेल्यांची यादी ठेवायची. एवढं करून झालं की लक्षात येतं, आपण फिरून मांडणीवरच आलो. शिवाय टोकनवर सही असते, कुलूप नसतं. आतला मजकूर कोणीही वाचू शकतो, तो ज्यात लिहिलेला असतो ते बेस-६४ हे एन्कोडिंग उलगडायला कोडची एक ओळ पुरते. त्यात फोन नंबर ठेवणारे मी पाहिले आहेत.

माझं मत विचाराल तर पहिल्या दहा प्रोजेक्टांना बिल्लाच वापरा. एक सर्व्हर, एक डेटाबेस, एक वेबसाइट असताना टोकनच्या मागे लागणं म्हणजे वाड्यातल्या वाड्यात जायला पासपोर्ट काढणं.

टोकन घ्या नाहीतर सेशन आयडी घ्या, तो लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका. कितीतरी ट्यूटोरियल तसंच शिकवतात, कारण दोन ओळींत काम होतं. पण लोकल स्टोरेज पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टला वाचता येतं. तुम्ही बाहेरून जोडलेलं चॅटचं विजेट, कुठल्यातरी पॅकेजमध्ये शिरलेला उपद्रवी कोड, अभिप्रायाच्या खान्यातून कुणी घुसवलेली स्क्रिप्ट, सगळ्यांनाच. कुकीला 'एचटीटीपी-ओन्ली' हा गुणधर्म दिला की जावास्क्रिप्टला ती दिसतच नाही. ही सोय इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये २००२ साली आली. घुसलेली स्क्रिप्ट तरीही त्या पानावरून उपद्रव करू शकते, पण बिल्ला खिशात घालून घरी नेऊ शकत नाही.

लॉगिनच्या कुकीवर एवढं असायलाच हवं. 'एचटीटीपी-ओन्ली', वर सांगितलं तसं. 'सिक्युअर', म्हणजे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाईल. 'सेमसाइट'ची किंमत 'लॅक्स', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट रिक्वेस्टबरोबर (फॉर्म पाठवताना जाते तशी) ती जाणार नाही. आणि ठरलेली मुदत. यापैकी 'लॅक्स'नं मला एकदा चांगलाच हात दाखवला, त्याचं पुढे येईल.

आयडी स्वतः तयार करायच्या भानगडीत पडू नका. फोन नंबर आणि वेळ जोडून केलेला 'युनिक' आयडी अंदाजानं काढता येतो. फ्रेमवर्क देतं तो घ्या. आणि लॉगिन यशस्वी झालं की जुना आयडी फेकून नवा द्या. नाहीतर कुणीतरी आधीच आपला आयडी गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये पेरून ठेवतो, गिऱ्हाईक लॉगिन करतं, आणि तोच आयडी आता दोघांकडे चालतो.

मांडणी कुठे ठेवायची? पाडव्याचं भूत इथलंच. नोडमधल्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कचं सेशन पॅकेज काही न सांगता वापरलं तर ते मेमरीत ठेवतं, आणि 'हे प्रत्यक्ष वापरासाठी नाही' असं बजावतंही. मी तो इशारा रोज टर्मिनलमध्ये बघत होतो. मेमरीतल्या सेशनचा दुसरा तोटा असा की कोड अपडेट करून सर्व्हर पुन्हा चालू केला की सगळे लॉगआउट. पीएचपी सेशन फायलींत ठेवतं. तिथे निष्क्रिय सेशनची मूळ मुदत १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं आहे, आणि 'जेवून येईपर्यंत बाहेर काढलं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे सापडतं. पायथनचं जँगो डेटाबेसमध्ये ठेवतं, मुदत दोन आठवडे, पण मुदत संपलेल्या नोंदी आपोआप पुसत नाही. त्यासाठीचा आदेश क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, लावून द्यावा लागतो. रुबीचं रेल्स मुळात सगळं सेशनच एन्क्रिप्ट करून कुकीत टाकतं.

रेडिस हा मेमरीत चालणारा वेगळा डेटाबेस वापरायचा का, हा प्रश्न लगेच येतो. ते वेगवान आहे, मुदत संपलेल्या नोंदी स्वतः काढतं, आणि मोठ्या साइटसाठी उत्तम आहे. पण एका बागेच्या दुकानाला चालवायला आणि जपायला आणखी एक सर्व्हर कशाला? डेटाबेसमध्ये एक टेबल केलं: आयडी, वापरकर्ता, मुदत. दोन्ही प्रोसेस तिथेच बघू लागल्या आणि ठाण्याच्या वहिनींच्या पेट्या जागेवर राहिल्या.

पायरी ५: कार्ट

कार्टचा पेच असा की ते लॉगिनच्या आधी सुरू होतं. आंबे बघायला आलेल्या माणसाला 'आधी खातं काढा' म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जातो. ते लोकल स्टोरेजमध्ये ठेवलं तर लवकर काम होतं, आणि छोट्या दुकानाला चालूनही जातं. पण मोबाइलवर टाकलेल्या पेट्या लॅपटॉपवर दिसत नाहीत, आणि आमच्याकडे बायको आंबे निवडते, नवरा दुसऱ्या यंत्रावरून पैसे भरतो, असा प्रकार सर्रास. म्हणून कार्ट डेटाबेसमध्ये ठेवलं, आणि पाहुण्यालाही एक निनावी बिल्ला दिला. कुकीत आयडी, टेबलमध्ये त्या आयडीचा माल.

टेबलमध्ये वस्तूचा आयडी आणि नग एवढंच लिहा. भाव लिहू नका. मार्चमधला हापूसचा भाव मे महिन्यात राहत नाही, आणि महिनाभर पडून राहिलेलं कार्ट जुन्या भावानं उघडलं की भांडण ठरलेलं. कार्ट दाखवताना दर वेळी चालू भाव घ्यायचा, आणि बदलला असेल तर तसं ठळक सांगायचं. पक्क्या ऑर्डरचं नेमकं उलटं. ऑर्डर झाली त्या क्षणीचा भाव ऑर्डरच्या नोंदीत कोरून ठेवायचा, पुढे काहीही होवो.

मग लॉगिनचा क्षण येतो. पाहुण्याच्या कार्टमध्ये दोन पेट्या, आणि खात्यातल्या गेल्या आठवड्याच्या कार्टमध्ये एक. काय करायचं? बेरीज केली तर तीन होतात आणि घाईत असलेला माणूस तिन्हींचे पैसे भरून बसतो. जुनं पुसलं तर 'मी ठेवलेलं कुठे गेलं?' दोन्हींचा अनुभव घेऊन आता मी असं करतो: तीच वस्तू दोन्हीकडे असेल तर नवा नग धरायचा, वेगळी असेल तर जोडायची, आणि वर एक ओळ दाखवायची की मागच्या वेळच्या अमुक वस्तू जोडल्या आहेत, नको असतील तर काढा. हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण आहे दुकानदारीचा. तो तुमच्या दुकानाच्या मालकाला विचारा.

पायरी ६: पैसे भरून परत येताना

आता 'लॅक्स'ची गोष्ट. फेब्रुवारी २०२० पासून क्रोमनं 'सेमसाइट' न लिहिलेल्या कुकींना 'लॅक्स' धरायला सुरुवात केली. मध्ये करोनाच्या काळात काही महिने ते थांबवलं, मग पुन्हा लागू केलं. माझ्या साइटवर असं व्हायचं: गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावर जायचं, पैसे भरायचं, परत यायचं आणि लॉगआउट झालेलं असायचं. पैसे गेले, कार्ट रिकामं, काळजाचा ठोका चुकलेला.

कारण, पेमेंट गेटवे, म्हणजे आपल्या वतीनं पैसे घेणारी सेवा, गिऱ्हाइकाला परत पाठवताना पोस्ट रिक्वेस्ट वापरत होता. दुसऱ्या साइटवरून आलेली पोस्ट म्हटल्यावर ब्राउझरनं सेशनची कुकी दिलीच नाही. ते कधी व्हायचं, कधी नाही, त्यामुळे सापडेना. गुणधर्म न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर क्रोम तिला अशा पोस्टबरोबर जाऊ देतो. लॉगिन करून चटकन पैसे भरणारे सुटायचे, पिन आठवत बसणारे अडकायचे.

'सेमसाइट' बंद करून टाकणं हा सोपा उपाय दिसतो. तो करू नका. परत येण्याच्या त्या एका पत्त्याला सेशनची गरजच पडू नये असं लिहा. गेटवेकडून ऑर्डरचा क्रमांक आणि सही येते. सही तपासा, ऑर्डरची नोंद डेटाबेसमधून काढा, आणि तिथून स्वतःच्या 'माझी ऑर्डर' पानाकडे ३०३ रीडायरेक्ट करा, म्हणजे ब्राउझरला तिकडे वळवा. ती साधी गेट रिक्वेस्ट असते, तिच्याबरोबर 'लॅक्स' कुकी जाते, आणि गिऱ्हाईक लॉगिन असलेलंच दिसतं.

पैसे आले की नाही, हे मात्र या परतीच्या वाटेवर ठरवू नका. यूपीआयनं पैसे भरून लोक ब्राउझरकडे परत येतच नाहीत, फोन खिशात टाकतात. गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, त्यावरून ऑर्डर पक्की करा. तो निरोप दोनदाही येऊ शकतो. ऑर्डर आधीच पक्की असेल तर दुसऱ्या वेळी काही करायचं नाही, एवढी अट लिहिली नाही तर एका पैशात दोन पेट्या जातात.

पायरी ७: स्वतःच मोडून बघा

साइट चालू करण्याआधी अर्धा तास काढा आणि हे करून बघा. दोन टॅब उघडा, एकात लॉगआउट करा, दुसऱ्यात 'माझी ऑर्डर' पान उघडा. सर्व्हरनं सरळ लॉगिनच्या पानावर पाठवायला हवं, एररच्या पानावर नाही. प्रायव्हेट विंडोत पाहुणा म्हणून कार्ट भरा, मग जुन्या खात्यात लॉगिन करा. सर्व्हर रीस्टार्ट करा आणि कोण बाहेर पडलं ते बघा. दोन प्रोसेस चालवून दहा वेळा रिफ्रेश करा, हे मी आता कधीच विसरत नाही. ॲप्लिकेशन टॅबमध्ये सगळा साठा पुसा आणि साइट नुसती कोसळते की नव्यानं सुरू होते ते तपासा. कुकीतल्या आयडीचं एक अक्षर बदला.

मग लॉगआउट करून बॅक बटण दाबा. गिऱ्हाइकाचा पत्ता पडद्यावर पुन्हा दिसला, तर सेशन मेलंय पण पानाची प्रत ब्राउझरकडे जिवंत आहे. खात्याच्या पानांवर कॅशे-कंट्रोलच्या हेडरमध्ये (पानाची प्रत ठेवायची की नाही हे ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत) 'नो-स्टोअर' लिहा. सेतू केंद्रातल्या, वाचनालयातल्या कंप्युटरवर खुर्ची रिकामी झाल्या झाल्या दुसरा माणूस बसतो, त्याच्यासाठी हे आहे.

आणि साठवलेलं पुसायचं वेळापत्रकही आत्ताच लावा. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की काम संपलं की माहिती ठेवू नये, आणि युरोपातली गिऱ्हाइकं असतील तर तिथले संमतीचे नियम कुकींइतकेच लोकल स्टोरेजलाही लागू होतात. आमच्याकडे पाहुण्यांची सोडून दिलेली कार्टं तीस दिवसांनी जातात आणि मुदत संपलेली सेशन रोज पहाटे. पहिल्या वर्षी मी ही झाडलोट लावली नव्हती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, बागेत एक आंबा उरला नव्हता, आणि टेबलमध्ये हजारो निनावी गिऱ्हाइकं अजून दोन-दोन पेट्या धरून उभी होती.